पाचवा पत्ता

सर्जनबाईंचा सुरीशी संबंध सुटून बरेच महिने झाले होते, तरी हॉस्पिटलात झाडूवाल्या मावशींपासून थेट अधीक्षकांपर्यंत सगळे त्यांना सर्जनबाईच म्हणत. बाईंना ते लागायचं. एक जिना चढताना दोनदा कठडा धरून उभं राहणाऱ्या बाईला ऑपरेशनच्या टेबलापाशी कोण उभं करणार? फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन बसली, ती वेळेवर कुणी ओळखली नाही, आणि उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा कामातून गेला. आता त्या बाह्यरुग्ण विभागात बसून गाठी चाचपायच्या, पोटं दाबून बघायच्या आणि कापायचं काम दुसऱ्यांच्या हाती सोपवायच्या. तेही अशा मुलांच्या, ज्यांना टाका कसा घालायचा हे त्यांनीच शिकवलं होतं.

बाईंचा राग होता तो यंत्रावर. तातडीच्या विभागात एक संगणक बसवला होता. आलेल्या माणसाची माहिती त्यात भरायची, मग तो सांगणार, याला लगेच आत घ्या, त्याला थांबवा, हिला घरी पाठवा. त्या दिवशी बाई स्वतः धापा टाकत तिथे पोचल्या, तर या शहाण्याने त्यांना घरी पाठवलं. झोपेची गोळी आणि विश्रांती! दोन दिवसांनी बाई स्वयंपाकघरात कोसळल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा उशाशी ठोंब्या बसला होता, डोळे लाल करून. "यंत्राने तुला शेवटच्या रांगेत टाकलं गं," तो म्हणाला होता, "मी एकटा काय करणार होतो?"

हा ठोंब्या म्हणजे तातडीच्या विभागाचा प्रमुख. पहिल्या वर्षाला हाडांची नावं पाठ होईनात म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं, आणि आता त्याच्या डोक्यावर केस राहिले नाहीत तरी बाईंच्या तोंडी तेच होतं. पास होण्यापुरती हाडं त्याला बाईंनीच घोकवून घेतली होती. त्याच्या लग्नात नवरीच्या बाजूने भांडल्या त्याही बाईच, आणि बाईंची लेक त्याला मामा म्हणायची ती काही तोंडदेखलं म्हणून नव्हे. सख्ख्या भावाला जे सांगितलं नाही, ते बाईंनी त्याला सांगितलेलं होतं.

तो विभागप्रमुख असल्यामुळे यंत्र सुधारायचं काम त्याच्याकडे आलं, आणि पहिला हात वर केला तो बाईंनी. दुसरी कुणी बाई अशी घरी पाठवली जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी आठवड्यातून एक अख्खी दुपार त्या देत होत्या. नवरा म्हणायचा, "खोक्याशी कसलं वैर धरतेस?" बाई म्हणायच्या, "माणसाशी धरता येत नाही म्हणून."

कामाची रीत ठोंब्याने बसवली होती, आणि सगळे तिला पत्त्यांचा डाव म्हणत. एका जुन्या रुग्णाची हकिकत घ्यायची. त्यातून रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, सगळं काढून टाकायचं. उरलेली माहिती तुकड्यातुकड्याने पत्त्यांवर छापायची आणि गठ्ठा पालथा ठेवायचा. एक पत्ता उलटला, की टेबलाभोवतीच्या चौघा डॉक्टरांनी आपापल्या पाटीवर आकडा लिहायचा: अमुक आजार असण्याची शक्यता शंभरात किती. मग पुढचा पत्ता, पुन्हा आकडा. ज्या पत्त्याने आकडे जास्त हलले ती माहिती मोलाची. ज्याने हलले नाहीत ती विचारत बसण्यात वेळ कशाला घालवा? ही मोलं मग यंत्राला शिकवायची. रुग्ण दारात तडफडत असताना पन्नास प्रश्न विचारायला सवड कुणाला असते? त्यातले नेमके सात-आठ कुठले, हे ठरवण्यासाठी हा खटाटोप.

बाईंचा या खेळात चांगला जम बसला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा आकडा प्रत्येक पत्त्याला टुणकन उडी मारायचा. हृदयवाले डॉक्टर सगळ्यांत वडीलधारे, त्यांचा आकडा एकदा बसला की बसला, बैलासारखा. ठोंब्या इतरांच्या पाट्यांकडे तिरका डोळा ठेवून लिहायचा, जुनी सवय. बाई मात्र उगाच हलायच्या नाहीत आणि हलल्या की भरपूर हलायच्या. पत्ते उलटायचं आणि आकडे टिपायचं काम एका तरुण संगणकवाल्या मुलीकडे होतं. ती कुणाचीही भीड ठेवत नसे, म्हणून बाईंना ती आवडायची.

त्या दुपारी तिने नवा गठ्ठा काढला. "छातीचा रुग्ण," ती म्हणाली, "प्रश्न असा, फुप्फुसात गुठळी असेल का?"

बाईंनी पाटी पुढे ओढली. हा आजार आला की त्यांचे कान आपोआप टवकारायचे, त्यात नवल नव्हतं.

पहिला पत्ता: पन्नाशीची स्त्री, दम लागतोय. चौघांनी बेताचे आकडे लिहिले. दुसरा पत्ता: नुकताच लांबचा प्रवास, बराच वेळ एका जागी बसून. आकडे चढले. तिसरा पत्ता उलटला, डाव्या पोटरीला सूज, आणि ठोंब्याने खुर्ची मागे सारली.

"हा डाव सोडून द्या," तो म्हणाला. "माहिती अर्धवट दिसतेय. दुसरा घ्या."

"नाही सर, पत्ते पूर्ण आहेत. मी मोजलेत," मुलगी म्हणाली.

"अगं, पण असले आपण किती घेतले आतापर्यंत! तेच तेच काय..."

"असू दे हो," हृदयवाले म्हणाले, "चांगली केस आहे. उलट पोरी."

चौथा पत्ता म्हणजे रुग्णाचे स्वतःचे शब्द होते. मुलीने ते सरळ आवाजात वाचले: "जिना चढताना कुणीतरी छातीवर गुडघा टेकवून बसल्यासारखं वाटतं, आणि तो माणूस उठतच नाही."

बाईंच्या हातातला खडू तिथेच थांबला. हे वाक्य त्यांचं होतं. तातडीच्या विभागातल्या हिरव्या पडद्याआड, पलंगाच्या कडेला बसून, ठोंब्यासमोर त्या स्वतः हे बोलल्या होत्या. म्हणजे ही पन्नाशीची स्त्री त्याच.

आता डावाचा एक नियम असा होता, की रुग्णाचं पुढे काय झालं हे ज्याला ठाऊक आहे त्याने तसं सांगून बाजूला व्हायचं. बाईंना तो चांगला माहीत होता. पण त्या गप्प राहिल्या. या खोक्याने आपल्याला नेमकं कशावरून घरी पाठवलं, हे पाहण्याची अशी संधी पुन्हा कधी येणार होती? आणि ठोंब्या मघाशी डाव सोडून द्या म्हणाला, तो आपल्यासाठीच, हेही त्यांच्या लक्षात आलं. त्याने आधीच ओळखलं होतं. बाईंना भरून आलं. गेल्या जन्मीचा भाऊच हा, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी पाटीवर नव्वद लिहिलं. बाकीचेही ऐंशीच्या घरात गेले होते.

"पाचवा," मुलगी म्हणाली आणि पत्ता उलटला. "काही वर्षांपूर्वी मूल दगावल्यानंतर वर्षभर मनाच्या आजारावर औषधं घेतली."

खोलीत पंखा फिरत होता. हृदयवाल्यांनी "हं," केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ऐंशी पुसून वीस लिहिले. भूलवाल्या बाईंनी पंधरा लिहिले. "मला आधीपासून वाटतच होतं," त्या म्हणाल्या, "ती छातीवरच्या गुडघ्याची भाषा बघा ना! घाबरलेली बाई आहे. माझ्या नणंदेचं असंच असतं." ठोंब्याने खाली मान घालून वीस लिहिलं.

"मॅडम, तुमचा?"

"नव्वद," बाई म्हणाल्या. त्यांना आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

ही गोष्ट कुणाला माहीत होती? नवऱ्याला, आणि ठोंब्याला. सासूला नाही, लेकीला नाही, भावाला नाही. ज्या सर्जनचं मन एकदा ढासळलंय तिच्या हाती सुरी द्यायला लोक कचरतात, म्हणून ठोंब्यानेच परगावच्या एका डॉक्टरकडे गुपचूप सोय करून दिली होती. त्या दिवशी पडद्याआड बाईंनी यातला चकार शब्द काढला नव्हता, आणि नवरा गावात नव्हता.

मुलीने उरलेले पत्ते उलटले, ते किरकोळ होते. मग तिने निकाल वाचला. "गुठळी होती. दोन दिवसांनी सापडली. फुप्फुसाचं कायमचं नुकसान."

"अरेरे," हृदयवाले म्हणाले.

"आता यंत्राचे आकडे," मुलगी म्हणाली. प्रत्येक डावाच्या शेवटी ती हे करायची, डॉक्टर आणि यंत्र शेजारी शेजारी ठेवून बघायचे असायचे. "चौथ्या पत्त्यापर्यंत पंच्याऐंशी. लाल दिवा, लगेच आत घ्या. पाचवा भरल्यावर अठरा, घरी पाठवा." तिने पत्ता पालथा केला. "पाचव्याच्या मागे लिहिलंय, ही माहिती रुग्णाने दिलेली नाही. डॉक्टरने स्वतःच्या माहितीतून भरली."

बाई उठल्या. "चहा घेऊ या," त्या म्हणाल्या, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत बाहेर गेल्या.

ठोंब्या मागोमाग आला. बाहेरच्या व्हरांड्यात मोडक्या स्ट्रेचरच्या रांगेपाशी बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दम लागला होता, पण तो जिन्याचा नव्हता.

"लाल दिवा लागला होता," त्या म्हणाल्या.

ठोंब्या एका स्ट्रेचरची सुटलेली पट्टी आत खोचू लागला.

"ठोंब्या, त्या खोक्याने मला ओळखलं होतं रे! मला आत घ्या म्हणत होतं ते. आणि तू..."

"मला खरंच वाटलं तसं," तो घाईघाईने म्हणाला. "तू किती घाबरली होतीस! मला ते वर्ष आठवलं. तेव्हाही तुला श्वास पुरायचा नाही, मी रात्र रात्र फोनवर असायचो, विसरलीस? मला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. मी तुझ्या भल्यासाठी..."

"मग उशाशी बसून यंत्रावर खापर कशाला फोडलंस?"

"तुझ्या नाकात नळ्या होत्या. तेव्हा काय सांगणार होतो मी? आणि मग..." त्याने टकलावरून हात फिरवला. "मग राहूनच गेलं."

राहूनच गेलं! दळण आणायचं राहून गेल्यासारखं. बाईंना वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. त्यांनी याला पोटातली गोष्ट सांगितली ती मित्र म्हणून, आणि याने ती रुग्णाच्या माहितीत भरली. भरली ती भरली, वर महिनोन्महिने त्यांना एका निर्जीव खोक्याशी भांडायला लावलं. बाई दर आठवड्याला येऊन रक्त आटवत होत्या आणि हा समोर बसून पाटीवर आकडे लिहीत होता, चहात साखर कमी घाला म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते आज त्यांना कळलं.

"म्हणून मघाशी डाव सोडून द्या म्हणालास," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच गं."

"आत चल आणि सांग त्यांना."

"कशाला? तुझं नाव कुठेच नाहीये. उगीच तुझाच बोभाटा होईल. मी तुझाच विचार करतोय."

"माझा विचार तू खूप केलास. चल."

"बघू," ठोंब्या म्हणाला, आणि बाईंच्या आधी आत गेला.

आत चहा येऊन निवत होता. मुलगी बेरजा करत होती. "पाचव्या पत्त्याचं मोल सगळ्यांत जास्त आलं," तिने सांगितलं. "तिघांचे आकडे साठ किंवा त्याहून जास्त हलले. यादीत वरती जाईल हा प्रश्न, आधी मनाचा आजार होता का."

बाईंनी ठोंब्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आकडा हलला हे खरं, पण कुठे हलला? खऱ्यापासून लांब हलला ना! बाईला गुठळी होती आणि या पत्त्याने तिघांना उलट्या दिशेने नेलं. असल्या पत्त्याला मोलाचा कसं म्हणायचं? आपण आजवर सगळे डाव असेच मोजले. नुसतं हलणं मोजलं. ते बरोबर की चूक, हे कुणी पाहिलंच नाही. मीसुद्धा नाही."

"अहो बाई, एका केसवरून काय ठरतं?" हृदयवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. "अशा दहा जणी येतात, नऊ जणींना खरोखर भीतीच असते. तुम्हालाही माहितेय."

"दहावीचं काय?"

"दहावीचं वाईट वाटतं. पण नियम एकीसाठी करत नसतात."

"डॉक्टर, दहावी मी आहे."

कुणाला काही कळलं नाही. भूलवाल्या बाईंनी कप अर्ध्यावरच धरून ठेवला.

"हा डाव माझा आहे," बाई म्हणाल्या. "ती पोटरी माझी, तो प्रवास माझा. मूल माझं होतं. औषधं मी घेतली, आणि त्यानंतर दहा वर्षं तुमच्याच टेबलांवर तुमचीच माणसं कापून बरी केली. आणि गुठळी खरी होती. जिना चढताना मी कशी चढते ते सगळे बघता ना रोज?"

एवढं बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं. बोलून झाल्यावर त्यांनी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, कुणीतरी म्हणेल, बाई, चुकलो आपण. भूलवाल्या बाईंचे डोळे पाणावले होते. पण त्या पाण्यात आणखी काहीतरी होतं. त्या किंचित मागे सरून बसल्या होत्या. हृदयवाले बाईंच्या हातांकडे बघत होते, आणि तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं की आपले हात थरथरताहेत.

"बसा बाई तुम्ही," ते अगदी हळुवार म्हणाले. असल्या आवाजात ते रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलत. "पाणी घ्या. शांत व्हा आधी."

"मी शांत आहे."

"हो हो. आम्हाला कुणाला कल्पनाच नव्हती. केवढं सोसलंत! या विषयावर तुम्हाला बसवायलाच नको होतं."

संगणकवाली मुलगी अवघडली होती. पण ती भीड न ठेवणारी होती आणि काम काम होतं. "मॅडम," ती म्हणाली, "मग नियमाप्रमाणे तुमचा आकडा धरता येणार नाही. तुम्हाला निकाल आधीच माहीत होता."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. नियम बरोबरच होता. "खोड."

"तुमचा काढला तर..." मुलीने बघितलं. "न हललेला तेवढा एकच होता. पाचव्याचं मोल आणखी वाढेल."

हृदयवाल्यांनी पाण्याचा पेला बाईंपुढे सरकवला.

"आणखी कुणाला हा रुग्ण माहीत होता का?" मुलीने विचारलं. नियमाप्रमाणे तेही विचारावं लागायचं. "असेल तर त्यांचाही आकडा काढायला हवा."

बाईंनी ठोंब्याकडे तोंड फिरवलं. हाडं घोकवताना तो अडला की त्या अशाच थांबायच्या, त्याला आठवेपर्यंत, उत्तर न सांगता. एक शब्द पुरे होता. मला माहीत होता, एवढंच म्हणायचं. ती नोंद मी केली, हे नाही म्हटलं तरी चाललं असतं. तेवढ्यावरसुद्धा बाईंनी घरी जाऊन रडून घेतलं असतं आणि उद्या त्याला शिव्या घातल्या असत्या, आणि शिव्या घालण्याइतकं नातं शिल्लक राहिलं असतं.

ठोंब्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"नाही," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय हा!" बाई ताडकन उठल्या. "हाच होता तिथे. याच्यासमोर मी बसले होते. पाचवा पत्ता यानेच भरला, यंत्र आत घ्या म्हणत असताना! विचारा त्याला. पोरी, बघ त्या नोंदीवर, डॉक्टरचं नाव बघ."

"नावं काढून टाकलेली असतात, मॅडम," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मला दिसतच नाहीत. आता परत मिळायचीही नाहीत."

बाईंचा श्वास चढला. छातीत जाईना, बाहेर येईना. त्यांनी टेबलाची कड धरली. भूलवाल्या बाई धावल्या, त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि ठोंब्याकडे पाहिलं, आता काय करायचं, अशा नजरेने.

ठोंब्या उठून जवळ आला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, आणि बाईंना त्याचाच सगळ्यांत जास्त संताप आला.

"तिला होतं असं कधी कधी," तो हलक्या आवाजात त्या दोघांना म्हणाला. "मी जुना मित्र आहे, मला सवय आहे. मनावर घेऊ नका ती काय बोलली ते."

हृदयवाल्यांनी समजून मान डोलावली. भूलवाल्या बाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुलीने बाईंकडे पाहिलं, मग ठोंब्याकडे, मग पुन्हा बाईंकडे. बाई धापा टाकत तिच्याकडे बघत होत्या. त्यांना बोलायचं होतं, पण शब्दाला लागेल एवढी हवा मिळत नव्हती.

मुलीने मान खाली घातली आणि एकच आकडा खोडला.